मधल्या थांब्याचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू. त्या विषयांवर आम्ही बारा महिने बोलतच असतो, आणि ऐकणारेही बहुधा तेच ते असतात. म्हणून आज निराळा विषय घेतला आहे. गावाकडून लहान विमानाने मुंबईस यावयाचे आणि मुंबईहून मोठ्या विमानाने परदेशी जावयाचे, तर दोहोंच्या मध्ये वेळ किती ठेवावा? विमानवाले ज्याला ‘लेओव्हर’ म्हणतात आणि आपण मधला थांबा म्हणू, त्याचा हा हिशेब आहे.

हा श्रीमंतांचा विषय, असे कोणी म्हणेल. एके काळी होता. आज नालासोपाऱ्याच्या चाळीतून वेल्डर आखातात जातो, वसईच्या वाडीतून नर्स परदेशी जाते, अर्नाळ्याचा पोरगा जहाज गाठण्यासाठी परक्या बंदरावर विमानाने उतरतो, आणि ज्यांनी आयुष्यभर चर्चगेटपलीकडे प्रवास केला नाही अशा आजीबाई नातवाच्या बारशासाठी टोरांटोला निघतात. विमान चुकले तर श्रीमंताची झोप जाते, पण या माणसांची नोकरी जाते, किंवा वर्षाची शिल्लक जाते. फरक आहे तो इथे.

आमच्या कचेरीत एक तरुण आला होता. विरारला भावाच्या खोलीत राहणारा, मूळ गाव दक्षिण महाराष्ट्रातले. कुवेतला कामाची चिठ्ठी मिळाली, म्हणून गावी जाऊन आईवडिलांना भेटून, देवाला नारळ देऊन तिथूनच लहान विमानाने मुंबईस निघाला. एजंटाने त्याला दोन कागद दिले होते, एक गाव ते मुंबई आणि एक मुंबई ते कुवेत. मध्ये साडेतीन तास. लहान विमान दोन तास दहा मिनिटे उशिरा उतरले. बॅग मिळावयास अर्धा तास, सांताक्रूझहून सहारला जावयास आणखी अर्धा तास. तो पोहोचला तेव्हा समोर विमान उभे होते, पण काउंटर बंद झाला होता. तो आम्हांस म्हणाला, “काका, मी दोन्हीकडे वेळेवर होतो. मग माझं विमान चुकलं कसं?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घड्याळात शोधून सापडत नाही. ते करारात आहे. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. पण कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर पंचवीस-तीस वर्षे बसल्यामुळे करारातले बारीक अक्षर वाचण्याची खोड लागली आहे. तिकीट म्हणजे करारच होय. एका तिकिटावर दोन विमाने असतील तर करार एक. दोन तिकिटांवर दोन विमाने असतील तर करार दोन, आणि त्या दोन करारांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. प्रवाशाच्या मनात मात्र प्रवास एकच असतो. सारा घोळ इथून सुरू होतो.

एका तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर, प्रवास असला तर प्रत्येक विमानतळासाठी ठरलेला किमान वेळ असतो. त्याहून कमी थांबा त्या तिकिटात सहसा विकलाच जात नाही. पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देण्याचे काम कंपनीचे. बॅगही बहुतेक वेळा तीच पुढे पाठविते. १९९९ साली मॉन्ट्रियल येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००९ साली सामील झाला. त्यात एक कलम मोठे अर्थपूर्ण आहे. वाहक कंपन्या कितीही असोत, करार करणाऱ्यांनी प्रवास एकच मानला असेल तर कायदाही तो एक आणि अखंड मानतो. ‘अखंड’ हा शब्द ध्यानात ठेवा.

आता दोन तिकिटांचे पाहा. पहिली कंपनी म्हणते, “आम्ही तुम्हांला मुंबईस आणून सोडले, आमचे काम झाले.” दुसरी म्हणते, “तुम्ही वेळेवर आला नाही.” तिच्या वहीत तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे गैरहजर. गैरहजराचे भाडे बहुधा बुडते. आणि परतीचे तिकीट त्याच पावतीवर असेल तर पुष्कळ कंपन्या तेही आपोआप रद्द करतात. गिरणीत एक खाडा भरला म्हणून महिन्याचा पगार कापावा, त्यातलाच हा प्रकार.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, हे खरे. देशातले विमान पुरेशा पूर्वसूचनेशिवाय रद्द केले तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे ₹ ५,०००, ७,५०० किंवा १०,००० अथवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल तेवढी भरपाई मिळते. ‘जे कमी असेल ते’ हे चार शब्द कोणी घातले असतील हे आम्हांस सांगावे लागत नाही! कनेक्टिंग विमान चुकल्याचाही उल्लेख त्या नियमांत आहे. पण ते त्याच तिकिटावर असले तर. शिवाय हवामान किंवा विमानतळावरील नियंत्रण यांसारखी, कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळलेली आहेत. आणि विमान रद्द न होता नुसते उशिरा आले, तर? उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल तर दुसरे विमान किंवा पैसे परत. त्याच्या आतल्या उशिराला चहा-फराळ. म्हणजे पाच तासांचा उशीर झाला, कुवेतचे विमान गेले, नोकरीवर रुजू होण्याची तारीख गेली, तरी नियमाने तुमच्या पदरात पडतो एक सामोसा.

या बाबतीत रेल्वेचा दाखला देण्यासारखा आहे. मनमाडला किंवा दौंडला गाडी बदलणे आपल्या लोकांस नवे नाही. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने लागोपाठच्या दोन गाड्यांची तिकिटे जोडण्याची सोय केली. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द-आकार न कापता परत मिळतात. विमानाहून कितीतरी स्वस्त असलेल्या रेल्वेला हे साधते. विमान कंपन्यांना ते का साधू नये? निदान देशी विमानाने उतरून त्याच रात्री परदेशी जाणाऱ्या कामगारापुरते तरी? ही मागणी आमच्या मागणीपत्रात आहे. आज ती आपल्याही कानावर घालतो.

लहान विमानाचा स्वभाव कळल्याशिवाय थांब्याचा हिशेब जमत नाही. ही विमाने पन्नास ते ऐंशी आसनांची. पंख्याचे एटीआर किंवा लहान जेट. एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत चार-सहा फेऱ्या करते. सकाळी वीस मिनिटांचा उशीर झाला की तो दिवसभर व्याजासकट वाढत जातो आणि शेवटच्या फेरीतल्या प्रवाशांच्या माथी येतो. मोठ्या कंपनीकडे बदली विमान असते. लहान कंपनीकडे ते बहुधा नसते. पुष्कळ लहान विमानतळांचे काम दिवसाच्या ठराविक तासांतच चालते, त्यामुळे संध्याकाळचे विमान फार लांबले तर ते रद्दच होण्याचा संभव. इकडे मुंबईची तऱ्हा अशी की दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच चालते. त्या एका पट्टीवर ताशी चाळीसहून अधिक विमाने चढ-उतार करतात. गर्दी झाली की वर घिरट्या घालाव्या लागतात. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान उतरताना पट्टीच्या पुढे घसरले, आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली.

सिंधुदुर्गातल्या चिपीचे उदाहरण आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल, कारण विरार-नालासोपाऱ्यात निम्मे घर कोकणाचे आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथे मुंबईचे विमान सुरू झाले. ‘उडान’ योजनेत काही आसनांच्या भाड्याला मर्यादा होती आणि कंपनीला तोटा भरून देण्याची मुदत तीन वर्षांची होती. परदेशातून येणाऱ्या मुलाने सहारला उतरावे आणि तासाभरात मालवण-वेंगुर्ल्याच्या वाटेला लागावे, अशी ती सोय होती. पण चिपीचे पठार उंचावर. पावसाळ्यात त्यावर ढग बसले की विमानाला पट्टी दिसणे कठीण. गणपतीला येणाऱ्या माणसाची रजा मोजकी असते, आणि त्याच दिवसांत ढगही असतात. २०२४ च्या ऑक्टोबरात, तीन वर्षे भरताच, ती मुंबईची फेरी बंद पडली. ज्यांनी परतीचा सगळा बेत तिच्यावर बांधला होता त्यांना पुन्हा कोकण रेल्वेच्या रांगेत उभे राहावे लागले. सवलतीवर चालणारे विमान सवलतीबरोबर जाते. सहा महिने आधी तिकीट काढणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

यावरून आम्ही एक ठोकताळा बांधला आहे. थांबा किती तासांचा, हे आधी विचारूच नये. आधी विचारावे की, हे लहान विमान रद्द झाले तर त्याच्या मागून येणारे विमान कोणते? दिल्लीहून मुंबईस दिवसभर विमाने आहेत. एक गेले तर दुसरे मिळेल, तिथे चार-पाच तास पुरे. पण ज्या गावाहून दिवसाला एकच विमान सुटते, किंवा आठवड्यातून तीन-चारच सुटतात, तिथे ‘मागचे विमान’ म्हणजे उद्याचे किंवा परवाचे. अशा ठिकाणी सहा तासही फसवे. तिथून एक दिवस आधीच निघावे, आणि तेही शक्य तर सकाळच्या पहिल्या फेरीने. म्हणजे विमान रद्द झाले तरी रात्रीची रेल्वे किंवा एसटी हाताशी उरते. जुन्या कोकणी माणसाला हे शहाणपण होते. आगबोटीच्या काळात तो पडावात बसावयाच्या आदल्या संध्याकाळीच बंदरावर वळकटी पसरी. वारा आणि भरती आपली चाकर नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

‘पण एक रात्र राहावयाचे कोठे?’ सहारच्या आसपासच्या हॉटेलात एका रात्रीचे जे पडते त्यात इथले घरभाडे निघेल. तिथे आपले वसई-विरार कामाला येते. परदेशी निघालेला गावचा पाहुणा आदल्या रात्री ज्याच्याकडे उतरतो असे घर आपल्याकडे प्रत्येक इमारतीत एक तरी असेल. दहा बाय बाराची खोली, त्यात घरची चार माणसे, आणि दाराशी दोरीने आवळलेल्या दोन बॅगा. साऱ्या महाराष्ट्राच्या विमानप्रवासाची ही बिनपैशाची धर्मशाळा आहे, आणि ती चालविणाऱ्या गृहिणीचा हिशेब कोणत्याही विमान कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

पण आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्याची पुढची गंमत अशी की, त्याचे आणि आपलेही पहिले विमान म्हणजे विरार लोकल! मध्यरात्रीनंतर ती काही तास बंद. आखाताची आणि युरोपची पुष्कळशी विमाने नेमकी मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. टॅक्सीने जावे तर घोडबंदरजवळ वर्सोव्याचा पूल आणि महामार्गावरची कोंडी. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरारचा मुंबईशी संबंध तुटला, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. म्हणून पावसाळ्यात पहाटे चारचे विमान असेल तर संध्याकाळची लोकल धरून अंधेरीस उतरावे आणि विमानतळावर ताटकळत बसावे. कंटाळा येतो, पण विमान मिळते.

आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने सुटू लागली. मुंबईला आता दोन गावे झाली असे समजा. तिकिटावर दोन्हीकडे ‘मुंबई’ हाच शब्द दिसण्याचा संभव आहे. भेद सांगणारी अक्षरे तीनच. बीओएम असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. सांताक्रूझचे टर्मिनल एक आणि सहारचे टर्मिनल दोन यांत काही किलोमीटरांचेच अंतर, तरी त्या पोराचा अर्धा तास गेला. उलव्याहून सहार म्हणजे अख्खे शहर आडवे ओलांडणे. अटल सेतू झाला तरी सेतूच्या या टोकाला मुंबईची वाहतूक उभीच आहे. दोन्ही तिकिटे निराळी असतील आणि विमानतळही निराळे असतील, तर आठ तासांच्या आत आम्ही कोणास जाऊ देणार नाही. तिकीट हातात आले की तारखेच्याही आधी ही तीन अक्षरे पाहावीत.

परदेशातला थांबा हे निराळे प्रकरण. तिथे घोटाळा होतो तो बहुधा वडीलधाऱ्यांचा. मुलगा अमेरिकेत लहान गावी राहतो. आईवडील आधी मोठ्या शहरात उतरणार, तिथून लहान विमानाने मुलाच्या गावी. मुलगा सांगतो, “बाबा, बॅग शेवटपर्यंत लावली आहे.” पण अमेरिकेत साधारणपणे ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तिथेच पासपोर्ट तपासणी आणि कस्टम्स, बॅग पट्ट्यावरून उचलावयाची, अधिकाऱ्यासमोरून न्यावयाची आणि पुन्हा सोपवावयाची. भारतात परत येतानाही दिल्लीस उतरून पुढे देशी विमानाने यावयाचे असेल तर बहुधा हाच क्रम. ऑस्ट्रेलियात सिडनीला आंतरराष्ट्रीय आणि देशी टर्मिनल वेगवेगळी आहेत. शिवाय तिथे आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक. वसईची माणसे मुलांसाठी सुकेळी घेऊन जातात. अवश्य न्यावीत, पण कागदावर ‘अन्न आहे’ असे लिहून द्यावे आणि त्या रांगेचा वेळ हिशेबात धरावा. लपविले तर सुकेळीही जातात आणि दंडही होतो. सत्तरीच्या माणसांसाठी पहिल्या विमानतळावर तीन तासांहून कमी थांबा घेऊ नये, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परक्या देशात दोन तिकिटांवर विमान बदलण्यात आणखी एक सापळा आहे. बॅग उचलावयाची म्हणजे त्या देशात शिरावयाचे, आणि शिरावयाचे म्हणजे व्हिसा. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसते विमान बदलावयाचे असले तरी आपल्या पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतो. चार-पाच हजार रुपये वाचविण्यासाठी काढलेली दोन तिकिटे अशा वेळी मुंबईच्या काउंटरवरच अडतात.

हे सारे सांगताना पडद्यामागच्या माणसांविषयी चार शब्द बोलणे आम्हांस भाग आहे. किमान वेळाची जी मिनिटे कंपनीच्या कोष्टकात असतात, ती कोणाच्या तरी हातापायांची असतात. एका विमानाच्या पोटातून बॅगा काढून दुसऱ्याच्या पोटात घालणारा लोडर पुष्कळदा आपल्या नालासोपाऱ्याचा असतो. तो रात्रपाळीला जातो, कंत्राटावर असतो, आणि माणसे कमी असली की तेवढ्याच मिनिटांत दोघांचे काम करतो. बॅग मागे राहिली की शिवी त्याला बसते.

वैमानिकांचेही तसेच. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची विमाने इतकी रद्द झाली की ५ तारखेला एका दिवसात हजारावर उड्डाणे झाली नाहीत. देशभर लोक विमानतळांवर बसून राहिले; ज्यांना तिथून पुढे परदेशी जावयाचे होते त्यांचे हाल तर विचारू नका. तेव्हा आमच्या ओळखीचे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, “वैमानिकांना विश्रांती हवी झाली, त्याचा हा परिणाम.” आम्ही त्यांना तारखा दाखविल्या. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्री विमान उतरविण्याच्या वेळांवर मर्यादा घालणारे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा लागू झाला तो १ नोव्हेंबर २०२५ रोजी. माणसे भरावयास जवळजवळ दोन वर्षे होती. झोप न झालेल्या वैमानिकाच्या विमानाने वेळेवर पोहोचण्यापेक्षा विश्रांती झालेल्याच्या विमानाने उशिरा पोहोचावे, हे त्या गृहस्थांनाही पटले. मात्र दोन तिकिटे काढून मध्ये तीन तास ठेवणाऱ्याचे अशा आठवड्यात कोणीही वाली नसते, हेही खरेच.

त्या विरारच्या तरुणाचे काय झाले, असे आपण विचाराल. विमान कंपन्यांनी हात वर केले. कायद्याने ते त्यांना करता येत होते. पण दोन तिकिटे काढली होती एजंटाने. परदेशी कामगार पाठविणाऱ्याने सरकारकडे नोंदणी केली पाहिजे असे १९८३ च्या कायद्याने ठरविले आहे, आणि त्या नोंदणीची भीती एजंटांना वाटते. आम्ही त्याच्यापुढे दोन्ही कागद ठेवून विचारले, “हा थांबा कोणी ठरविला? या पोराने की तुम्ही?” तीन बैठका झाल्या. त्याने नवे तिकीट काढून दिले, आणि तिकडच्या मालकाने रुजू होण्याची तारीख आठ दिवसांनी पुढे नेली. म्हणून आम्ही सांगतो की, तिकीट मालक किंवा एजंट देत असेल तर गावापासून कामाच्या शहरापर्यंत ते एकच मागावे. ते देत नसतील तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च लेखी मागावा. तोंडी ‘बघू’ चालणार नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट, जिने आमच्या माहितीत तीन कुटुंबांना रडविले आहे. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला. मंगळवारी रात्री एक वाजता आपण म्हणतो ‘मंगळवारची रात्र’. विमानाचे घड्याळ मध्यरात्रीला तारीख बदलते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर घरातून निघावयाचे ते १४ तारखेच्या संध्याकाळी. १५ च्या रात्री हार-तुरे घेऊन विमानतळावर पोहोचलेल्या मंडळींचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. लहान विमान आदल्या दिवसाचे घेताना तर हा घोळ दुप्पट होतो. थांबा आठ तासांचा समजून काढलेला, आणि प्रत्यक्षात मोठे विमान लहानाच्या सोळा तास आधी सुटलेले. कागदावर दोन्ही तारखा वारासकट लिहून, कोणी दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

आमची कचेरी शनिवारी संध्याकाळी सहापासून उघडी असते. युनियनचे सभासद असण्याची अट नाही. ज्यांच्या घरी कोणी निघावयाचे आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी तिकिटाचा मसुदा घेऊन यावे. पैसे भरल्यानंतर आणलेल्या कागदाचे आम्हांस फारसे काही करता येत नाही.